आजचा मुरुम आजचा नसतो

(दृश्य : सकाळचा उजेड. आरसा. हनुवटीवरून सावकाश फिरणारं बोट.)

पाळीला अजून सहा दिवस आहेत. कॅलेंडर न बघताही तिला ते कळतं, कारण हनुवटीच्या उजव्या बाजूला, कातडीच्या आत, काहीतरी ठसठसायला लागलंय. त्याला अजून तोंड आलेलं नाही. नुसती गाठ आहे, पण बोट लागलं तरी कळ येते. मागच्या महिन्यातही ती इथेच आली होती.

वय वाढलं की मुरुम आपोआप जातील, असं तिला सोळाव्या वर्षी सगळ्यांनी सांगितलं होतं. आज ती ३१ वर्षांची आहे.

(दृश्य : नळाचं पाणी. चेहरा पुन्हा पुन्हा धुणारे हात.)

सगळ्यात आधी हे हात थांबायला हवेत. दिवसातून पाच वेळा तोंड धुणारी माणसं अस्वच्छ नसतात, घाबरलेली असतात. मुरुमांचा मळाशी संबंध नाही. ब्लॅकहेडचा काळा रंगसुद्धा धुळीचा नसतो, तो त्वचेतल्याच मेलॅनिन या रंगद्रव्याचा असतो. घासून तो जात नाही. त्वचा मात्र सोलवटते आणि मग लावलेलं प्रत्येक औषध झोंबतं.

खरं काम आत चाललेलं असतं. अँड्रोजेन ही संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, पुरुषांत असतात तशी स्त्रियांतही असतात. त्यांच्या सांगण्यावरून त्वचेतल्या तेलग्रंथी तेल बनवतात. पाळीच्या आधीच्या दिवसांत इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक उतरतं आणि अँड्रोजेनचा जोर जाणवू लागतो. छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बसतात, तेल आत कोंडतं, तिथले जिवाणू वाढतात, सूज येते. अनेकींच्या रक्ताच्या तपासण्या अगदी नॉर्मल येतात. संप्रेरक जास्त नसतं, ग्रंथीच त्याला जास्त दाद देत असतात. रिपोर्ट हातात घेऊन ‘मग माझं चुकतंय काय?’ असं विचारणाऱ्या प्रत्येकीला हे कुणीतरी शांतपणे सांगायला हवं.

(दृश्य : त्वचेच्या आतल्या थराचं रेखाचित्र. बंद होत जाणारं छिद्र.)

आणि ही गोष्ट तर फारच कमी वेळा सांगितली जाते. आज दिसणारा फोड आज सुरू झालेला नसतो. डोळ्यांना न दिसणारं त्याचं मूळ काही आठवड्यांपूर्वीच धरलेलं असतं. म्हणून फक्त फोडावर ठिपका लावून भागत नाही. जिथे मुरुम नेहमी येतात तो सगळा भाग, आज तिथे काही नसलं तरी, औषधाखाली यावा लागतो.

त्यासाठी ॲडापॅलीन आहे. हे रेटिनॉइड, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध, छिद्राचं तोंड बुजू देत नाही. ०.१ टक्क्याचं जेल, रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, संपूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीनच रात्री, वर साधं मॉइश्चरायझर. पहिले काही आठवडे त्वचा कोरडी पडते, सालं निघतात, कधी मुरुम वाढल्यासारखेही वाटतात. अनेक जणी नेमक्या इथेच सोडून देतात. फरक ठरवायला १२ आठवडे द्यावे लागतात. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर मात्र ते लावायचं नाही. तिथे ॲझेलाइक ॲसिडबद्दल डॉक्टरांना विचारा. मागे राहणारे काळे डागही त्याने फिके होतात.

जिवाणूंसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड. २.५ टक्के पुरतं. जास्त टक्क्यांनी जळजळ वाढते, गुण त्या प्रमाणात वाढत नाही. उशीचे अभ्रे पांढरे ठेवा, रंगीत कापडाचा रंग ते खाऊन टाकतं. सकाळी सौम्य फेसवॉश आणि किमान ३० एसपीएफचं सनस्क्रीन.

एवढं बास. दहा बाटल्यांची गरज नाही.

(दृश्य : दवाखान्याची बाक. वाट बघणारी ती.)

पण क्रीम संप्रेरकांना हात लावत नाही, हेही खरं. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, डोक्यावरचे विरळ होत असतील, तर पीसीओएसची, म्हणजे बीजकोश आणि संप्रेरकांशी संबंधित विकाराची, तपासणी करून घ्या. फोड खोल असतील, खड्डे पडत असतील, तर १२ आठवडेही थांबू नका. खड्डा पडला की तो भरून काढणं फार अवघड असतं. डॉक्टरांकडे आतून काम करणारी औषधं आहेत. अँड्रोजेनला अडवणारं स्पायरोनोलॅक्टोन त्यांतलंच एक. इंग्लंड आणि वेल्समधल्या ४१० स्त्रियांवर त्याची चाचणी झाली, २०२३ मध्ये निष्कर्ष आले. गुण आला, पण १२ आठवड्यांपेक्षा २४ आठवड्यांनी जास्त दिसला. गोळीलाही वेळ लागतोच.

(दृश्य : रात्र. तोच आरसा.)

जेल सुरू करून चौदावा आठवडा. पाळीला पाच दिवस. हनुवटीवर एक गाठ आहे, आधीपेक्षा लहान. तिचं बोट तिथवर जातं, थांबतं. मग ती ट्यूब उघडते, वाटाण्याएवढं जेल घेते आणि पूर्ण चेहऱ्यावर पसरवते; जिथे आज काही नाही, तिथेही.