वाहता धूर

पोपटी लावताना मडक्याचं तोंड आपण भांबुर्डीच्या पाल्याने गच्च बंद करतो आणि मडकं उपडं घालतो. वालाच्या शेंगा, मसाला लावलेली कोंबडी, अंडी, सगळं पाल्याच्या आणि स्वतःच्या ओलाव्यावर आतल्या आत शिजतं. अलिबाग, पेण, रोह्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. म्हणूनच तो परसात स्मोकर, म्हणजे मांस धुरावर शिजवायचा ड्रम, मांडतो तेव्हा पहिली चूक इथेच होते. धूर वाया जाऊ नये म्हणून वरचं धुराडं बंद करतो. मीही तेच केलं होतं. पहिली कोंबडी काढली ती काळपट, हाताला चिकटणारी. एका घासात जीभ बधिर झाली, नंतर पाणीसुद्धा कडू लागत होतं. घरच्यांनी ताटं बाजूला सारली.

मंडळी, पोपटीत वाफ कोंडायची असते. स्मोकरमध्ये धूर कोंबडीवरून वाहून जाऊ द्यायचा असतो. धुराडं पूर्ण उघडं ठेवा आणि आच कमी-जास्त करायची ती खालच्या झरोक्याने.

लाकडातलं लिग्निन तापून फुटतं, त्यातून ग्वायकॉल, सिरिंगॉल अशी द्रव्यं निघतात. आपल्याला आवडतो तो धुराचा स्वाद मुख्यतः त्यांचा. हवा कमी पडली की लाकूड धुमसतं, दाट पांढरा धूर येतो आणि त्यातला डांबरासारखा चिकटा गार कातडीवर जाऊन बसतो. चांगला धूर पातळ, निळसर असतो. धुराड्याच्या तोंडाशी पाहिलं तर पलीकडचा माड स्पष्ट दिसला पाहिजे. आमची आजी ओलं लाकूड चुलीत घातलं की रागवायची, त्यामागचं कारण मला ड्रमपाशी उभं राहिल्यावर कळलं. लाकडाचे तुकडे पाण्यात भिजवून घालायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. आधी नुसती वाफ निघते, मग तोच पांढरा धूर.

लाकूड आंब्याचं घ्या, छाटणीनंतर वर्षभर पडवीत वाळलेलं. विस्तवासाठी करवंटीचा कोळसा उत्तम, आच भरपूर देतो. नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, मात्र नकोत, ती धुमसतच राहतात. काजूची टरफलं तर अजिबात नकोत. त्यांच्या तेलाने कातडीला फोड येतात हे काजू फोडणाऱ्या बायकांचे हात पाहिलेल्यांना माहीत आहे. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेलं लाकूड दिसायला छान असतं, पण त्यात मीठ मुरलेलं असतं आणि ते जळताना विषारी क्लोरिनयुक्त द्रव्यं तयार होतात. जुन्या होडीच्या फळ्यांवर रंग आणि तेल, म्हणून त्याही बाद.

आता वारा. याबद्दल कुठल्याच माहितीपत्रकात काही नसतं, आणि आपल्याकडे निम्मं काम त्याचंच आहे. दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात, रात्री मतलई वारे जमिनीकडून जातात, हे आपण शाळेत पाठ केलं. एकदा मी सकाळी साडेनऊला ड्रम पेटवला. हवा जवळजवळ थांबलेली, काटा १२० अंशांवर स्थिर. मी निर्धास्त होऊन विहिरीवर गेलो. बाराच्या सुमाराला झावळ्या सळसळू लागल्या. ड्रमचा झरोका नेमका पश्चिमेला होता, वारा भात्यासारखा आत शिरला. परत येईपर्यंत काटा १८०च्या पुढे आणि पंखांची टोकं कोळसा. तेव्हापासून झरोका पूर्वेला असतो आणि मी सातला पेटवतो. अकरापर्यंत काम उरकतं.

कोंबडी बॉयलर घ्या, सव्वा ते दीड किलोची. गावठी कोंबड्याचा मान मोठा, पण तो रश्श्यात मुरायला जन्मलेला आहे. कोरड्या आचेवर तो वातड होतो. दुकानात आधीच सांगून ठेवा की सोलू नका, कातडीसकट द्या. नाहीतर सवयीने दुकानदार कातडी ओढून काढतो, आणि कातडीच नसेल तर वरचं मांस सुकून जातं.

लिटरभर पाण्याला ६० ग्रॅम मीठ. मीठ वजनानेच मोजा, कारण वाटीभर खडे मीठ आणि वाटीभर बारीक मीठ यांचं वजन सारखं नसतं. चार-पाच तास फ्रिजमध्येच या पाण्यात ठेवा, मग पुसून रात्रभर उघडी फ्रिजमध्ये. सकाळी कातडीवर बोट फिरवा. कागदासारखी कोरडी, किंचित चिकट लागली तर तयार. आपल्या दमट हवेत बाहेर टांगून हे कधीच होत नाही, आणि माश्या येतात त्या वेगळ्या. हिरवं वाटण लावू नका, त्याने कातडी ओली राहते. आगरी मसाला कोरडाच चोळा.

१२० ते १३५ अंशांवर अडीच ते तीन तास लागतात. पण घड्याळापेक्षा सुईच्या थर्मामीटरवर विश्वास ठेवा: छातीत ७४ अंश, मांडीत ८०, आणि सुई हाडाला टेकू देऊ नका. कमी आचेवर चरबी नीट वितळत नाही, त्यामुळे कातडी रबरासारखी होते. म्हणून शेवटची दहा-पंधरा मिनिटं झरोका पूर्ण उघडून आच चढवा. धुरातले वायू मांसाच्या रंगद्रव्याला चिकटतात, त्यामुळे पूर्ण शिजलेलं मांसही कातडीखाली गुलाबी दिसतं. आमच्याकडे एका काकूंनी ते कच्चं समजून अख्खी तंगडी परत केली होती. मी सुई टोचून आकडा दाखवला, तेव्हा कुठे त्यांनी खाल्ली आणि दुसरी मागितली.

काढल्यावर पंधरा मिनिटं हात लावू नका. मग तांदळाची भाकरी, अलिबागचा पांढरा कांदा, लिंबू. सांगाडा टाकू नका. तासभर उकळा, गाळा, आणि त्या पाण्यात कुळथाचं पिठलं लावा. पावसाळ्यात स्मोकर झाकून ठेवावा लागतो, त्या दिवसांसाठी मी असं पाणी डबे भरभरून गोठवून ठेवतो.