आधी विचारा, मग सांगा

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय आपल्या आशाताईंबद्दल, म्हणजे गावातल्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा स्वयंसेविकांबद्दल. २००५ पासून साधारण हजार लोकांमागे एक अशा त्या गावोगावी आहेत, तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा बीपी-शुगरचा फॉर्मही त्याच भरतात. शुगर निघालेल्या म्हाताऱ्या माणसाला आहार कसा समजावायचा हे त्यांना शिकवणं माझं काम, आणि त्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माणदेशातलं एक उपकेंद्र, वीसेक ताई, आणि सरावासाठी गावातल्याच एका आजींना बोलावलेलं. सत्तरी उलटलेली, शुगर जुनी. एक तरुण ताई उठली, चार्ट उघडला आणि धडाधड सुरू, आजी काकडी खा, गाजर खा, मोडाची मटकी खा, भात कमी करा, फायबर पाहिजे. आजी प्रत्येक वाक्याला "व्हय बाय, व्हय". संपल्यावर मी म्हटलं, आता आजींना विचार, उद्यापास्नं काय करणार? तर आजींनी तोंडच उघडून दाखवलं. वर दोन दात, खाली एक. "भाकरीबी च्यात कुस्करून खाते बाय, गाजर कशानं चावू?"

खोलीत कुणी बोलेना. मग मागच्या रांगेतल्या एक जुन्या ताई आल्या, आजींच्या शेजारी सतरंजीवर बसल्या, हातात चार्ट नाही काही नाही, नुसतं विचारत गेल्या. काल सकाळी काय खाल्लं? रात्री कोण वाढतं? गोळी कधी घेता? दहा मिनिटांत सगळं बाहेर आलं. रात्री मऊ भात, तीन वाट्या, कारण सून रानातनं उशिरा येते आणि भाकऱ्या थापायला तिच्यात जीव नसतो. आणि शुगर वाढली म्हणलं की आजी रात्री उपाशी झोपायच्या, गोळी मात्र घ्यायच्या! माझ्या पोटात गोळाच आला. पहाटे दरदरून घाम, हातपाय थरथर, आणि आजींना वाटायचं अशक्तपणा आलाय. उपाशीपोटी गोळीनं रक्तातली साखर सत्तरच्या खाली, म्हणजे धोक्याइतकी कमी, जात असणार हो.

त्या ताई म्हणाल्या, भाकरी कुस्करायचीय ना, मग आमटीत कुस्करा, च्यात नको. भात एक वाटी, त्यावर पालकाचं गरगटं दोन वाट्या, काकडी किसून ताकात. गोळी घेतली की जेवण चुकवायचं नाही. घाम-थरथर झाली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातनं, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरला सांगायचंच. मग आजींकडनं वदवून घेतलं, "भाकरी आमटीत, भात एक वाटी, उपाशी झोपायचं न्हाई."

तेव्हापासून माझ्या ट्रेनिंगमध्ये हेच पहिलं, आधी विचारा, मग सांगा, आणि शेवटी त्यांच्याच तोंडून ऐका. परत सांगते, आधी विचारा, मग सांगा. त्यासाठी वेळ लागतो, आणि आपल्याकडं तीन तासांतला एक तास शाल-श्रीफळात जातो, मला हे अजिबात पटत नाही, तो वेळ या बायकांच्या शिकण्याचा आहे.

आणि ताई घरी आल्या की आजी-आजोबांची रोजची वाटी त्यांना दाखवा, आणि स्वयंपाक करणाऱ्यालाही शेजारी बसवा.