आयोवातल्या आजी आणि केशरी टोप्या

नमस्कार मंडळी! चहा झाला असेल, नसेल तर ठेवा गॅसवर, तोवर मी सुरुवात करतो.

आज बोलायचंय अमेरिकेतल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या पोलबद्दल, म्हणजे मतचाचण्यांबद्दल, त्यातही राज्याराज्यातल्या आणि फार आधी आलेल्या पोलबद्दल. २०२८ ची निवडणूक अजून लांब आहे पण आमच्या फॅमिली ग्रुपवर न्यू जर्सीचे एक काका आत्तापासूनच रोज टाकतात, आयोवात हा पुढे, न्यू हॅम्पशायरमध्ये तो पुढे, आणि खाली आमचे पुण्यातले दोन काका भांडतात. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. (काका ऐकत असाल तर रागावू नका, तुमचे गुड मॉर्निंगचे फोटो मला आवडतात.)

तर तिकडं राष्ट्राध्यक्ष देशभरातल्या एकूण मतांवर ठरत नाही, राज्यांवर ठरतो. राज्यांच्या वाट्याला इलेक्टर असतात, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी, त्या ५३८ पैकी २७० लागतात. २०१६ ला हिलरी क्लिंटन यांना देशभरात २८ लाखांहून जास्त मतं होती ट्रम्पपेक्षा, पण विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्यं मिळून ८० हजारांच्या आतल्या फरकानं गेली आणि खेळ संपला. म्हणून बघायचा तर राज्याचा पोल बघायचा. आणि त्याच्याही आधी पक्षाचा उमेदवार कोण हेसुद्धा एकेक राज्य करत ठरतं, त्यात आयोवा कितीतरी वर्षं पहिलं असायचं.

आता आयोवा म्हणलं की मला माझ्या मावसभावाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, घरचे कंटाळलेत, तुम्ही तरी ऐका.

साल २००३, डिसेंबर. हा आयोवातल्या डे मॉईनला नोकरीला, नुकताच गेलेला. तेव्हा कॉलिंग कार्ड असायचं, नंबर खरवडायचा, मिनिटं मोजत बोलायचं, आणि हा पठ्ठ्या आईची तब्येत विचारायचं सोडून मला सांगायचा, "दादा, हॉवर्ड डीन येणार, लिहून ठेव!" २००४ साठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागणारे डीन, गेपहार्ट, जॉन केरी, एडवर्ड्स, कुसिनिच असे बरेच होते, त्यातले डीन म्हणजे व्हरमाँट राज्याचे माजी गव्हर्नर, इराक युद्धाला विरोध, इंटरनेटवरून पैसे गोळा केलेले, तरुण पोरं वेडी झालेली. पोलमध्येही तेच, आयोवात डीन आणि गेपहार्ट पुढे, आणि जॉन केरी इतके मागे की त्यांनी बॉस्टनचं घर गहाण ठेवून ६४ लाख डॉलर उचलले होते. न्यू हॅम्पशायरमध्ये तर डीन केरींच्या मैलभर पुढे.

याच्या शेजारी एक आजी राहायच्या, एकट्या, सत्तरीच्या पुढच्या. त्यांना रोज संध्याकाळी जेवणाच्या वेळेला पोलवाल्यांचा फोन. लँडलाईन! भाऊ एकदा त्यांच्याकडे सूप प्यायला गेला तेव्हा फोन आला, आजींनी एका हातात चमचा, एका हातात रिसीव्हर धरून सांगितलं "डीन" आणि ठेवून दिला. यानं विचारलं, आजी, तुम्ही डीनवाल्या? तर म्हणाल्या, छे रे, काल गेपहार्ट सांगितलं होतं, आज टीव्हीवर डीन दिसला म्हणून डीन, सूप गार होतंय ना.

सूप गार होतंय ना! हे वाक्य लक्षात ठेवा मंडळी.

मग जानेवारीत गावभर बाहेरच्या राज्यांतून आलेली डीनची पोरं, डोक्यावर केशरी लोकरीच्या टोप्या, बर्फातून दारोदार. भाऊ म्हणाला, "दादा, पंढरपूरला एकादशीला असते तशी गर्दी" (थोडं वाढवून सांगायची सवय आहे आमच्याकडं). १९ जानेवारी २००४ ला कॉकस. डेमोक्रॅटांचं कॉकस, म्हणजे उमेदवार निवडायची सभा, तेव्हा गुप्त मतदानाचं नव्हतं, शाळेच्या जिममध्ये जमायचं, आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, डोकी मोजायची, आणि साधारण १५ टक्के भरले नाहीत तर तो कोपरा मोडून दुसरीकडे जायचं. भावाला मत नव्हतं, नुसता बघायला गेला. आजी बिस्किटांचा डबा घेऊन आलेल्या. डीनच्या कोपऱ्यात बसल्या नाहीत, गेपहार्टच्याही नाही, सरळ चालत केरींच्या कोपऱ्यात, खुर्ची ओढून. कुसिनिचची पाच सहा माणसं होती, त्यांचा कोपरा मोडला, ती उठून एडवर्ड्सकडे, कारण त्या दोघांचं तसं ठरलेलंच होतं. आता हे कोपरा मोडणं कुठल्या पोलमध्ये पकडणार सांगा?

आपल्याकडं सकाळचे आठ, मी दाढी करतोय, फोन. "दादा, डीन तिसरा!" केरी ३८, एडवर्ड्स ३२, डीन १८, गेपहार्ट ११. आठवड्यानं न्यू हॅम्पशायर, तिथंही केरीच, आणि शेवटी उमेदवारही केरीच. डीन आणि गेपहार्ट जाहिरातींतून एकमेकांची उणीदुणी काढत बसले, आणि बऱ्याच लोकांनी शेवटच्या आठवड्यात ठरवलं.

वेळ संपत आलाय, पटकन सांगतो. आधीचा पोल म्हणजे कोण जिंकणार हे नव्हे, कोणाचं नाव सध्या कानावर आहे एवढंच, परत सांगतो, कोणाचं नाव कानावर आहे एवढंच. २००७ मध्ये देशभराच्या पोलमध्ये रिपब्लिकनांत न्यूयॉर्कचे माजी महापौर जुलियानी पुढे होते, एक राज्य जिंकलं नाही. पाचशे माणसांचा पोल असेल तर प्रत्येक आकडा चारेक टक्के वर खाली धरा, म्हणजे तीन टक्क्यांची आघाडी ही आघाडीच नाही. कोणाला विचारलंय तेही बघा, नुसती नोंदणी असलेल्यांना की खरंच मत द्यायला जाणाऱ्यांना. आणि विचारलंय कसं, २०१६ ला कित्येक राज्यांच्या पोलमध्ये कॉलेज शिकलेले लोक जास्त भरले होते आणि ते दुरुस्त केलंच नव्हतं. शितावरून भाताची परीक्षा होते हो, पण पातेलं आधी ढवळायला लागतं, वरवरचंच शीत घेतलं तर तळाचा करपलेला कसा कळणार.

आणि टीव्हीवाले, एक टक्का इकडचा तिकडं झाला की लाल पट्टी, ढॅण ढॅण म्युझिक! आमच्या घरी मी तो आवाज बंदच करतो. आपण तरी कुठं शहाणे, त्याच २००४ च्या मे महिन्यात आपल्या एक्झिट पोलनी एनडीए परत येणार सांगितलं होतं, आणि १३ मे ला काँग्रेस १४५, भाजप १३८.

हां, आणि केरींचं राहिलंच. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत त्याच आयोवात ते रिपब्लिकन बुशकडून हरले, पंधरा लाख मतांत दहा हजारांनी.

भाऊ पुढच्या वर्षी आला तेव्हा त्यानं मला एक केशरी टोपी आणली, जिमबाहेर बर्फात पडलेली उचललेली. अजून आहे. पुण्याच्या थंडीत सकाळी दूध आणायला जाताना घालतो, आणि बायको दरवेळी म्हणते, तुम्हाला डीननं टोपी घातली ती घातलीच.