आजोबांच्या जन्माची नोंद

(दृश्य: नोंदवहीचं उघडं पान, त्यावरून फिरणारं बोट)

शाई तपकिरी पडलीय, पण अक्षर अजून वाचता येतं. भाषा पोर्तुगीज, घर गोव्यातलं. या वह्यांत कामत असतो 'कामोतीं' आणि प्रभू असतो 'पोरोबो'. मडगावचा हा तरुण शोधतोय आपल्या आजोबांचा जन्म. 19 डिसेंबर 1961 च्या आधीची अशी नोंद मिळाली, की मुलांना आणि नातवंडांनाही पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं.

नोंद मिळाली तरी काम संपत नाही. आधी दाखला काढायचा. मग आईवडिलांच्या लग्नाचे कागद. आजोबांचं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेनं लिहिलेलं, म्हणून 'ही एकच व्यक्ती' असं प्रतिज्ञापत्र. भाषांतर, शिक्के, आणि मग फाइल लिस्बनला.

(दृश्य: टेबलावर दोन पासपोर्ट, एक निळा, एक तांबडा)

पोर्तुगाल म्हणतं, आजोबा जन्मानंच आमचे, आम्ही फक्त नोंद करतो. भारताच्या 1962 च्या आदेशानं तीच माणसं 20 डिसेंबर 1961 पासून भारताची नागरिक ठरली. नुसती लिस्बनची जन्मनोंद म्हणजे परकं नागरिकत्व घेणं का, यावर बरेच वाद झाले. तांबडा पासपोर्ट हातात आला की तो वाद उरत नाही. 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं कलम 9 सांगतं: स्वेच्छेनं दुसऱ्या देशाचे झालात, की भारताचं नागरिकत्व आपोआप संपलं.

'दोन्ही ठेवा, कोण विचारतंय?' असं सांगणारे एजंट गावोगाव आहेत. हे साफ खोटं आहे, आणि त्याची किंमत एजंट मोजत नाही. निळा पासपोर्ट जमा करावाच लागतो. तो लपवला म्हणून सरकारनं रद्द केला, अशांना ओसीआय कार्डही, म्हणजे भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो ते कार्डही, मिळेना. 2024 मध्ये केंद्रानं ती वाट मोकळी केली. ही माणसं लबाड नव्हती. त्यांना वेळेवर कुणी नीट सांगितलं नव्हतं.

ओसीआय कार्डावर येता-जाता येतं, राहता येतं. मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

(दृश्य: सासष्टीतलं बंद घर, व्हरांड्यात वाळलेली पानं)

या घरातले आता इंग्लंडात, स्विंडनला असतात. किल्ली शेजारच्या मावशींकडे.

(दृश्य: काउंटर)

निळ्या पासपोर्टावर 'रद्द'चा शिक्का बसतो. पुस्तक मडगावच्या त्या तरुणाच्या हाती परत येतं. तो ते आजोबांच्या दाखल्याच्याच पिशवीत ठेवतो.