पन्नास खण, एकावन्न चिठ्ठ्या

मेजावर १ ते १०० या संख्या लिहिलेल्या शंभर चिठ्ठ्या पसरलेल्या आहेत. त्यांतल्या कोणत्याही ५१ उचलल्या, तरी उचललेल्या चिठ्ठ्यांत अशा दोन संख्या सापडतातच, की त्यांपैकी एकीने दुसरीला निःशेष भाग जातो. निवड कितीही चलाखीने केली तरी यातून सुटका नाही. हे पडताळायला एकेक निवड तपासत बसावे, तर निवडींची एकूण संख्या नुसती लिहून काढायलाच २९ अंक लागतात.

अशा वेळी कामाला येते ते कबुतरखान्याचे तत्त्व. खुराडी पन्नास आणि कबुतरे एकावन्न असतील, तर निदान एका खुराड्यात दोन कबुतरे बसणारच. जर्मन गणितज्ञ डिरिक्ले यांनी १८४२ मध्ये अपरिमेय संख्यांच्या जवळचे अपूर्णांक शोधताना हेच तत्त्व वापरले, आणि जर्मन भाषेत त्याला खणांचे तत्त्व म्हणतात. आम्हांला हे नाव अधिक चपखल वाटते, कारण तत्त्व कळायला क्षणही लागत नाही. कस लागतो तो खण कोणते करायचे हे ठरवताना.

याच चिठ्ठ्यांचा एक जुना प्रश्न घेऊ. ५१ चिठ्ठ्यांत १ शिवाय दुसरा सामाईक विभाजक नसलेल्या दोन संख्या असतातच, असे का? हंगेरीचे पॉल एर्डोश यांनी अशाच स्वरूपाचा प्रश्न १९५९ मध्ये लायोश पोशा या अकरा-बारा वर्षांच्या मुलाला जेवताना घातला, आणि सूप संपता संपता उत्तर आले: त्यांतल्या दोन संख्या शेजारी असतात. १-२, ३-४ अशा पन्नास जोड्या हेच खण, आणि सलग संख्यांना १ खेरीज सामाईक विभाजक नसतो.

मूळ प्रश्नाला मात्र शेजार उपयोगाचा नाही. ८ आणि ९ एकाच खणात पडल्या, म्हणून भागाकाराविषयी काहीच कळत नाही. तिथे प्रत्येक संख्येला २ ने भाग जाईल तितक्या वेळा भागायचे आणि शेवटी जी विषम संख्या उरेल, तिच्या खणात ती चिठ्ठी टाकायची. ९६ ला पाच वेळा भागल्यावर ३ उरतात, म्हणून ३ च्या खणात ३, ६, १२, २४, ४८ आणि ९६ अशा सहा चिठ्ठ्या येतात, तर ७७ आपल्या खणात एकटीच राहते. १०० पर्यंतच्या विषम संख्या पन्नासच, तेव्हा एकावन्नाव्या चिठ्ठीला रिकामा खण उरत नाही. आणि एकाच खणातल्या दोन संख्यांत फरक केवळ दोनच्या घाताचा असल्यामुळे लहान संख्येने मोठीला भाग जातो.

पन्नास चिठ्ठ्यांवर मात्र हे भागत नाही. ५१ ते १०० या चिठ्ठ्या उचलून पाहा: त्यांतल्या सर्वांत लहान संख्येची दुप्पटही १०२ होते, म्हणून कोणीही कोणाला भागत नाही, आणि पन्नासही खणांत नेमकी एकेकच चिठ्ठी पडते.