इंजिन बदललं, पण एसीचं काय?

मंडळी, जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसवलेला माणूस भेटला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "एसीत गॅस किती भरू?" मी त्याला विचारतो, तेल कुठलं घातलंस? ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा डबा) नवा लावलास? कॉम्प्रेसरच्या क्लचला करंट कोण देतंय? गॅसचा प्रश्न सगळ्यात शेवटचा. तो पहिला विचारला गेला की मी समजतो, बाकीचं काही झालेलं नाही. हे मी अधिकाराने सांगतोय, कारण मी स्वतः तसाच गॅस भरला होता आणि दोन आठवड्यांत कॉम्प्रेसर गमावला होता. त्याच्याकडे येतोच.

आधी एक गोष्ट पक्की करू. अशा गाडीत एसी कोणाचा असतो? डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल जुन्या गाडीची. गॅस दाबून फिरवणारा कॉम्प्रेसर नव्या इंजिनाचा. तो तापलेला गॅस गार करणारा पुढचा कंडेन्सर बहुधा तिसरीकडचाच. आणि या तिघांना जोडणारे पाइप कोणाचेच नाहीत, ते तुम्ही बनवायचे. कारखान्यात एका माणसाने बसून जमवलेलं गणित इथे तुम्हाला नव्याने मांडायचंय. म्हणून बिघाड निघतो तो बहुतेक वेळा सांध्यात. पाइपाचा सांधा, तेलाचा सांधा, वायरिंगचा सांधा.

कॉम्प्रेसरबद्दल माझं मत सरळ आहे : नव्या इंजिनावर जो आला तो चालत असेल तर तोच ठेवा. त्याची ब्रॅकेट, पुली, बेल्टची रेघ सगळं आधीच जुळलेलं असतं. चासीला किंवा स्टीअरिंगच्या दांड्याला अडत असेल तरच हलवा. हलवलात तर जाड पत्र्याची, तिरपा आधार दिलेली ब्रॅकेट करा आणि सगळ्या पुल्यांच्या तोंडावर सरळ पट्टी धरून बघा. पुली जराशी आत-बाहेर असली तरी बेल्ट किंचाळतो, मग लोक बेल्ट आणखी ताणतात आणि बेअरिंगचा जीव घेतात. एक सावधगिरी मात्र हवी. अलीकडच्या काही कॉम्प्रेसरना क्लचच (पुलीला कॉम्प्रेसर जोडणारा-सोडणारा विजेचा भाग) नसतो. पुली सतत फिरते आणि आतला व्हॉल्व इंजिनाच्या ईसीयूकडून, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरकडून, येणाऱ्या सिग्नलवर गॅस कमीजास्त ढकलतो. जुन्या गाडीच्या साध्या स्विचने तो जागा होणार नाही. तिथे क्लचवाला साधा कॉम्प्रेसर शोधणं शहाणपणाचं. गंमत बघा, पॅकार्डने १९४० च्या मॉडेलमध्ये एसी दिला तेव्हा त्यालाही क्लच नव्हता. गारवा नको असेल तर गाडी थांबवायची, बॉनेट उघडायचं आणि बेल्ट काढून ठेवायचा!

आता तेल. इथे जरा थांबू, कारण माझं नुकसान इथेच झालं. नव्वदच्या दशकाच्या आधीच्या गाड्यांत आर-१२ गॅस असायचा. ओझोनच्या थराला तो खातो हे कळल्यावर १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गाड्या आर-१३४ए वर आल्या. गॅस बदलला तसं तेलही बदलावं लागलं. आर-१२ सोबत खनिज तेल चालायचं, कारण ते त्या गॅसमध्ये विरघळून सगळीकडे फिरून कॉम्प्रेसरकडे परत यायचं. आर-१३४ए मध्ये खनिज तेल मिसळत नाही. ते कॉइलच्या तळाशी जाऊन बसतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. नव्या गॅसला पॅग नावाचं कृत्रिम तेल लागतं, किंवा एस्टर नावाचं. जुनं तेल थोडंफार मागे राहिलं तर एस्टर ते जास्त खपवून घेतं, म्हणून जुन्या गाडीला बरेच जण तेच घालतात.

मी काय केलं? कॉइल धुतली नाही. "तिच्यात काय असणार" म्हणून सोडली. वर ड्रायरची टोपणं काढून तो चार दिवस टेबलावर उघडा ठेवला. ड्रायरच्या आतले दाणे ओल शोषायलाच असतात. चार दिवसांत ते हवेतल्या ओलीनेच तृप्त झाले. पॅग तेलही हवेतली ओल पटकन ओढतं. दोन आठवड्यांनी चालत्या गाडीत एक घरघर, मग करकर, मग बेल्टचा वास. होज सोडली तर तोंडातून काळी राड बाहेर आली. बोटावर घेऊन उन्हात धरली तर तिच्यात ॲल्युमिनियमची बारीक चमकी होती, रांगोळीत मिसळतात तशी. तो चुरा कंडेन्सरभर पसरला होता. आजच्या चपट्या नळ्यांच्या कंडेन्सरमधून असा चुरा पूर्ण धुऊन निघत नाही, नळ्यांच्या वाटा फार अरुंद असतात. म्हणजे कंडेन्सर गेला, कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारा एक्सपान्शन व्हॉल्व गेला, ड्रायर तर गेलाच. साध्या धुण्याचा कंटाळा केला आणि अर्धा एसी नव्याने घेतला.

कंडेन्सरचं सांगायचं तर जुना, गोल नळीचा, आर-१२ च्या हिशोबाने केलेला असतो. आर-१३४ए ला तो कमी पडतो. पुढच्या जाळीमागे मावेल तेवढा मोठा चपट्या नळीचा लावा. आणि पंखा विसरू नका. इंजिन बदलताना इंजिनावर फिरणारा पंखा जातो, विजेचा येतो, आणि त्याची वायर फक्त रेडिएटरच्या सेन्सरला जोडली जाते. मग हायवेवर एसी गार, सिग्नलला उभं राहिलं की कोमट. एसी लागला की पंखा लागलाच पाहिजे.

पाइप इंजिन बसल्यावरच मापा. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, तेवढी ढील होजमध्ये हवी. आर-१३४ए चा रेणू लहान असल्याने जुन्या साध्या रबरातून तो झिरपतो, म्हणून आतून अस्तर असलेली होज घ्या. फिटिंग कुठल्या दिशेला वळलेलं हवं त्याची होजवर खडूने रेघ मारा, मगच दाबायला द्या. एकदा दाबलं की फिरत नाही. सांध्यातल्या सगळ्या ओरिंगा (रबरी कड्या) नव्या, आणि बसवताना तेलाचं बोट लावून.

वायरिंगबद्दल लोक सगळ्यात कमी बोलतात, आणि तिथेच सगळ्यात जास्त अडतात. कार्बोरेटरच्या गाडीत स्विचमधून करंट थर्मोस्टॅटला, तिथून प्रेशर स्विचला, तिथून क्लचला जायचा. इंजिनाला कोणी विचारत नव्हतं. नव्या इंजिनाची तऱ्हा वेगळी. ईसीयूला आधी कळवावं लागतं की एसी हवाय. तो आयडलिंग थोडं वाढवतो आणि मग क्लचचा रिले ओढतो. मी पहिल्यांदा थेट बॅटरीवरून क्लच दिला होता. टक् असा आवाज आला आणि इंजिन बंद. पुन्हा सुरू केलं, पुन्हा टक्, पुन्हा बंद. शेजारी उभा असलेला मित्र म्हणाला, "थंड तर झालीच की गाडी, पूर्ण."

बऱ्याच ईसीयूंना साधा प्रेशर स्विच पुरत नाही. तीन वायरींचा, ५ व्होल्टवर चालणारा सेन्सर लागतो. तो जोडला नाही तर ईसीयू एसीला परवानगीच देत नाही आणि तुम्ही बिचाऱ्या फ्यूजवर संशय घेत बसता. आणि काहीही झालं तरी प्रेशर स्विच वायर मारून बायपास करू नका. गॅस कमी झाला की तो कॉम्प्रेसर थांबवतो. गॅसच तेल फिरवतो, त्यामुळे गॅस गेला की तेलही पोचत नाही. कॉइलचा थर्मोस्टॅटही ठेवा, नाहीतर कॉइलवर बर्फ धरून हवाच येईनाशी होते.

आता ये रे माझ्या गॅसा! जुना आर-१२ आत असेल तर तो हवेत सोडायचा नाही, यंत्राने ओढून घ्यायचा. आर-१३४ए सुद्धा हवेत सोडण्यासारखा नाही. तापमानवाढीत त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या हजार किलोंहून भारी पडतो. आधी नायट्रोजन भरून गळती बघा, मग पाऊण तास व्हॅक्यूम मारा. खोल व्हॅक्यूममध्ये आतलं पाणी साध्या तापमानालाच उकळून निघून जातं. मग पंप बंद करून काटा हलतो का बघा.

किती भरायचा? आर-१२ च्या जुन्या गाडीला मूळ वजनाच्या ८० ते ८५ टक्के आर-१३४ए हा अंदाज चालतो. पण तुमचा कंडेन्सर, पाइप, ड्रायर सगळं बदललंय, त्यामुळे तो आकडा फक्त सुरुवातीचा. वजनकाट्यावर बाटली ठेवून थोडाथोडा भरा आणि गेज वाचा. लो साइडचा, म्हणजे कमी दाबाच्या बाजूचा, काटा हा खरं तर थर्मामीटरच आहे : आर-१३४ए ०° सेल्सिअसला उकळतो तेव्हा काटा साधारण २८ पीएसआयवर असतो. त्याच्या खूप खाली गेलात तर कॉइल गोठणार. ड्रायरच्या काचेत बुडबुडे दिसतात म्हणून भरत राहू नका. आर-१३४ए मध्ये पुरेसा गॅस असतानाही बुडबुडे दिसू शकतात. त्यांच्या मागे लागून मी हाय साइड, म्हणजे जास्त दाबाची बाजू, भलतीच वर नेली होती.

हे सगळं नीट केल्यावरही माझ्या गाडीत हवा १४ अंशांवर अडकली होती. गेज ठीक, पंखा ठीक, कॉइलचा पाइप हाताला बर्फासारखा. दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी फायरवॉलजवळ हात टेकला आणि भाजला. नव्या इंजिनाचं गरम पाणी हीटरच्या कॉइलमधून सतत फिरत होतं. जुन्या गाडीत त्या पाइपावर एक व्हॉल्व होता. इंजिन बदलताना तो पाइपासकट निघून गेला होता. म्हणजे कूलिंग कॉइल हवा गार करत होती आणि तिच्या पुढची हीटरची कॉइल तीच हवा पुन्हा तापवत होती. मी पकडीने तो पाइप दाबून धरला. जाळीतला थर्मामीटर १४, ११, ९ करत ६ वर आला. ती पकड अजून तिथेच लावलेली आहे, व्हॉल्व आणायचा राहून गेलाय.