रांगेतली सहा माणसं

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘खुनाचा खोटा आळ आला तर’. त्यावर येतोच. पण आधी डमींबद्दल बोलू द्या. ओळख परेडीत, म्हणजे साक्षीदाराला रांगेतून गुन्हेगार ओळखायला लावतात तेव्हा, संशयिताच्या शेजारी उभी करतात ती माणसं. माझं म्हणणं असं की निरपराध माणूस साक्षीदाराच्या डोळ्यांमुळे कमी आणि या डमींमुळे जास्त अडकतो.

मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी मॅन्युअलात हिशोब दिलाय: संशयित एक असेल तर किमान सहा डमी, दोन असतील तर दहा-बारा, आणि एका रांगेत दोनाहून जास्त संशयित शक्यतो नकोत. (हसू नका, नियम सीमेपलीकडचा, महाराष्ट्राचा असला तरी आपल्या वकिलांनी खिशात ठेवण्यासारखा आहे. सीमाप्रश्न आज काढणार नाही, अध्यक्षांना शब्द दिलाय.) पण आकडा भरला म्हणजे काम झालं असं नाही. वय, उंची, रंग, अंगलट, दाढीमिशी जुळायला हवी. संशयिताच्या गालावर व्रण असेल तर सगळ्यांच्याच गालावर कागदाची पट्टी. नाहीतर साक्षीदार खुनी ओळखत नाही, व्रण ओळखतो. तो खोटं बोलत नसतो हो! समोरच्या सातांत त्यातल्या त्यात जवळचा चेहरा उचलतो, आणि एकदा उचलला की पुढे तोच चेहरा त्याला आठवत राहतो.

याचा नमुना ग्लासगोचा. २१ डिसेंबर १९०८ला मॅरियन गिलख्रिस्ट या ब्याऐंशी वर्षांच्या श्रीमंत बाईंचा घरात खून झाला. एक ब्रोच गायब. ऑस्कर स्लेटर नावाचा जर्मन ज्यू ब्रोच गहाण ठेवल्याची पावती विकू बघत होता, एवढ्यावर पोलीस त्याच्या मागे. ब्रोच निघाला दुसराच, खुनाच्या आधीच गहाण पडलेला. तिथेच थांबायला हवं होतं. पण गडी तोवर न्यूयॉर्कच्या जहाजावर. तिथे ओळखायला नेलेल्या साक्षीदारांपैकी काहींना त्याचा फोटो आधीच दाखवलेला. तो लढत न बसता आपणहून परत आला, तर ग्लासगोच्या रांगेत त्याच्याबरोबर साध्या कपड्यातले पोलीस आणि रेल्वेचे लोक, सगळे स्कॉटिश. साध्या कपड्यातला हवालदार आपल्या खडेबाजारात पोरंसुद्धा केसांच्या कटवरून ओळखतात! १९०९ला फाशी सुनावली, मग जन्मठेप. शेरलॉक होम्स लिहिणाऱ्या कॉनन डॉयलनी वर्षानुवर्षं बाजू लावून धरली, तेव्हा १९२७ला सुटला आणि १९२८ला शिक्षा रद्द झाली. अठरा वर्षांहून जास्त आत.

आणि फोटोचं म्हणाल तर आता पोलिसांनी दाखवायलाही नको. पोरगं ठाण्यातून जीपमध्ये बसेपर्यंत गावच्या ग्रुपवर पोचलेलं असतं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, भराभर सांगतो.

अटक झाल्या क्षणापासून चेहरा झाकायला सांगा, कोर्टात नेताना-आणतानाही. २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करतात, तेव्हा ‘साक्षीदारांना माझा फोटो दाखवलाय’ हे तिथेच नोंदवून घ्यायला लावा. परेड घ्यायला आलेल्या तहसीलदारांनाही तेच सांगा. प्रत्येक साक्षीदारानंतर जागा आणि शर्ट बदलू द्या म्हणून मागा. पोलीस खोलीबाहेर हवेत, झालेला साक्षीदार थांबलेल्यांना भेटता कामा नये. परेडीचा मेमो, म्हणजे झाल्या प्रकाराची लेखी नोंद, कानडीत असेल तर मराठीत वाचून घेतल्याशिवाय सही नको. आणि परेड हा मूळ पुरावा नव्हे. मूळ पुरावा कोर्टातली ओळख, परेड तिला फक्त आधार देते. मलखानसिंग खटल्याचा निकाल, सुप्रीम कोर्ट, २००३.

आपण तिथे नव्हतोच, हे सिद्ध करायचं ओझं आपल्यावर. एसटीच्या साध्या तिकिटावर नाव नसतं, ते एकटं पुरत नाही. कोगनोळी नाक्याची फास्टॅग नोंद गाडीची, मोबाईलचा टॉवर फोनचा; माणूस त्यात होता हे वेगळं दाखवावं लागतं. म्हणून हॉटेल, पेट्रोलपंप, दवाखाना, जिथे चेहरा दिसतो तिथलं सीसीटीव्ही आधी गाठा. जुनं रेकॉर्डिंग थोड्याच दिवसांत पुसलं जातं. घरच्यांनी वकिलाकडून त्याच दिवशी लेखी पत्र द्यावं, पोच घ्यावी, आणि फुटेजबरोबर भारतीय साक्ष अधिनियमाच्या (२०२३) कलम ६३चं, इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात चालायला लागतं ते प्रमाणपत्रही मागावं.